मतलई, खारा, वळीव : कोकणातल्या वाऱ्यांची नावं आणि मोबाईलवरचा बाण

कातळावरचा (प्रश्न)

देवगड तालुक्यात समुद्रापासून साधारण दोन किलोमीटर आत, कातळावर साडेतीन एकर हापूस. बागेत कामाला येणारी जुनी माणसं 'मतलई पडला की फवारा', 'खारा लागायच्या आत आटपा' असं बोलतात. मी मोबाईलवरचा बाण आणि आकडा बघतो. दोघांचा मेळ बसत नाही. अ‍ॅपवर 'वायव्य' लिहिलेलं असतं आणि बाण आग्नेयेकडे असतो, हा काय प्रकार?

विचारायचं ते एवढंच :
१) ही नावं नेमकी कुठल्या वाऱ्याची, आणि कुठल्या महिन्यात लागू?
२) फवारणीची वेळ त्यावरून कशी ठरवायची?
३) पश्चिमेला वारारोधक लावायचा आहे. सुरूची झाडं चालतील का, किती अंतरावर?

हवाघडी

आधी बाणाचं. वारा जिथून येतो त्या दिशेचं नाव त्याला मिळतं. वायव्य वारा म्हणजे वायव्येकडून येऊन आग्नेयेकडे जाणारा. बहुतेक अ‍ॅप बाणाचं टोक वारा जिकडे निघालाय तिकडे दाखवतात आणि अक्षरं मात्र जिथून आला त्या दिशेची लिहितात. दोन्ही बरोबरच असतं. हवामानाच्या नकाशावर बाणाऐवजी पिसं लावलेली काठी असते, तिचं पिसांचं टोक वारा येतो त्या बाजूला. अर्धं पीस ५ नॉट, पूर्ण पीस १०, भरीव त्रिकोण ५०. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी. आकडा मीटर प्रतिसेकंदात असेल तर ३.६ ने गुणा.

दुसरी नेहमीची चूक वेळेची. नकाशावर '०६ यूटीसी' (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. किनाऱ्यावर नेमकी तेव्हाच वाऱ्याची बदली होत असते. हे साडेपाच तास विसरले तर अख्खा दिवस उलटा वाचला जातो.

आता नावं. खारा वारा म्हणजे दिवसा समुद्रावरून येणारा. कातळ उन्हात झपाट्याने तापतो, समुद्र तापत नाही. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड, दमट हवा आत शिरते. किनाऱ्यावर तो हिवाळ्यात अकरा-बाराच्या सुमारास लागतो, मार्चनंतर थोडा आधी. जोर दुपारी दोन ते चार, साधारण ताशी १५ ते २५ किमी. सुरुवातीला पश्चिमेचा असतो, दुपार चढते तसा वायव्येकडे सरकतो आणि संध्याकाळी जवळजवळ उत्तरेचा होतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वारा असा उजवीकडे वळत जातो. तुमच्या अ‍ॅपवरचा 'वायव्य' बहुधा हाच.

मतलई म्हणजे रात्री जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, पूर्व किंवा ईशान्येचा, कोरडा. रात्री दहा-अकरानंतर सुरू होतो आणि पहाटे त्याला सगळ्यात जास्त जोर असतो. पण 'जोर' म्हणजे तरी ५ ते १० किमी. डिसेंबर-जानेवारीत घाटाच्या दऱ्यांमधून उतरणारी गार हवा त्यात मिसळते, त्यामुळे नदी-खाडीच्या तोंडाशी तो चांगला बोचतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत टिकतो.

ही जोडी ऑक्टोबर ते मे या महिन्यांची. जून ते सप्टेंबर तिचं नाव काढू नका. नैर्ऋत्य मोसमी वारा एवढा जोरकस आणि आभाळ एवढं भरलेलं असतं की जमीन आणि समुद्र यांच्या तापमानात फरकच उरत नाही. तेव्हा रात्रीही वारा समुद्रावरूनच येतो. सप्टेंबरात आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की पहाटे थोडा मतलई जाणवतो.

जुन्या नावांत दिशेपेक्षा वेळ आणि हवेचा पोत जास्त असतो, हे लक्षात घेतलं की मेळ बसेल. 'मतलई' म्हटल्यावर ऐकणाऱ्याला पहाट, कोरडी हवा आणि नऊला संपणारा वारा एवढं सगळं कळतं. अ‍ॅपवरच्या 'पूर्व ८' मधून यातलं काहीच कळत नाही.

बागायत_सिंधुदुर्ग

फवारणीचं सांगतो. 'मतलई पडला की फवारा' यातला 'पडला' महत्त्वाचा. वारा पडणे म्हणजे थांबणे. मतलई थांबतो आणि खारा सुरू होतो, या दोहोंच्या मधला वेळ आपला. हिवाळ्यात साधारण साडेआठ ते साडेदहा, मार्चमध्ये आठ ते दहा.

त्याच्या आधी, म्हणजे पहाटे सहाला, हवा अगदी स्तब्ध वाटली तरी फवारायला जाऊ नका. बरेच जण इथेच चुकतात. रात्री जमीन थंड होते, तिला लागून गार हवेचा थर बसतो आणि वरची हवा उबदार राहते. या थरात सोडलेले बारीक थेंब खाली बसत नाहीत, वरही जात नाहीत; चादरीसारखे उताराने सरकत खालच्या वाडीत, विहिरीवर जातात. शिवाय पानं दवाने ओली असतात, औषध पातळ होऊन गळतं. तपासायची सोपी रीत : चार काड्या उदबत्ती पेटवून धूर बघा. धूर कमरेएवढा वर जाऊन आडवा पसरत असेल तर थांबा. वर जाऊन विरत असेल तर थर मोडला, सुरू करा.

वाऱ्याची खालची मर्यादा साधारण ताशी ३ किमी, वरची १५. यंत्र नसेल तर झाडाकडे बघा. पानं नुसती सळसळतात तोवर ६ ते ११ किमी. पानं आणि बारीक डहाळ्या एकसारख्या हलायला लागल्या की १२ ते १९, म्हणजे आवरतं घ्यायची वेळ. धूळ आणि पाचोळा उडायला लागला की २० च्या पुढे; तेव्हा फवारलेलं औषध शेजाऱ्याच्या बागेला. अ‍ॅपवरचा आकडा मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचा असतो. बागेच्या आत त्याहून कमी, कातळाच्या कड्यावर त्याहून जास्त. आणि तो सरासरी असतो, झोत वेगळा दिलेला असतो. फवारणीला झोताचा आकडा बघा.

चालताना वारा जिकडे जातो त्या टोकापासून सुरुवात करून वारा येतो त्या बाजूला सरकत जायचं, म्हणजे आपणच फवारलेल्या तुषारांत आपण चालत नाही. मोहर पूर्ण फुललेला असताना भरदिवसा कीटकनाशक मारू नका. परागीभवन करणाऱ्या माश्या तेव्हाच फुलांवर असतात आणि नंतर 'फळधारणा का नाही' हा प्रश्न आपणच विचारतो.

ढगाळ आणि दमट हवा, सोबत थंड रात्री, असे दोन-तीन दिवस दिसले की भुरी (मोहरावरची पांढरी बुरशी) आणि तुडतुडे दोन्ही धरून चाला. कोरडा मतलई रात्रभर वाहिला तर दव कमी पडतं. मतलई लागलाच नाही आणि संध्याकाळचा खारा तसाच कुंद होऊन बसला, तर सकाळी मोहर चिंब. म्हणून सकाळी आकाशाकडे बघण्याआधी गवताला हात लावून बघा.

कातळावरचा

झकास. एक अडलं. मागच्या मार्चमध्ये काही दिवस सकाळपासून पूर्वेचा वारा होता, तो दुपारी एकपर्यंत हललाच नाही. ऊन असं की कैऱ्या भाजल्या. हा लांबलेला मतलईच ना?

हवाघडी

नाही, आणि हा फरक कैऱ्यांच्या दृष्टीने मोठा आहे.

मतलई घरचा वारा. किनाऱ्याच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या पट्ट्यात तयार होतो, उंचीने तोकडा, ऊन वर आलं की मरतो. तुम्ही सांगता तो पूर्वेचा वारा अख्ख्या दख्खनवरून येणारा, दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला. घाटमाथ्यावरून खाली उतरताना हवा दाबली जाते आणि आणखी तापते. कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी. खाऱ्या वाऱ्याला याच्या विरुद्ध आत घुसावं लागतं, म्हणून तो उशिरा येतो किंवा येतच नाही. मुंबईत मार्चमध्ये पारा चढतो तो याच कारणाने. सांताक्रूझला मार्चमधला उच्चांक ४१.७ अंश, २८ मार्च १९५६ चा. किनाऱ्यावरच्या शहरात एवढं तापमान समुद्राचा वारा वेळेवर आला असता तर शक्यच नाही.

आदल्या दिवशी ओळखायचं कसं? अ‍ॅपमध्ये उंची बदलता येत असेल तर '८५० हेक्टापास्कल' (हवेच्या दाबाचं माप) निवडा. ती साधारण दीड किलोमीटरची पातळी. तिथे सकाळी पूर्व किंवा ईशान्येचा वारा २० किमीच्या वर दिसला तर खारा लांबणार हे गृहीत धरा. त्याच दिवशी ओळखायचं तर साडेदहाला हवेत दमटपणा अजिबात नाही, ओठ सुकतात आणि पारा ३४ च्या पुढे गेलेला. फवारणीची मधली फट अशा दिवशी मिळत नाही, वारा पडतच नाही. त्या दिवशी पाणी द्या, आळ्यात वाळलेल्या गवताचं आच्छादन नसेल तर ते घाला. फवारणी दुसऱ्या दिवशी.

किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकषही वेगळा आहे : कमाल तापमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त. मैदानात हाच आकडा ४० चा.

तांडेल_बंदर

बागेत शिरत नाही, पाण्यावरचं सांगतो. कारण ही नावं जगली ती शिडांमुळे. पहाटे मतलईवर शीड भरून बाहेर, दुपारी खाऱ्यावर परत. यंत्र आल्यावर वाऱ्याची गरज संपली, त्रास संपला नाही.

सगळ्यात वाईट जागा खाडीचं मुख. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि समोरून वायव्येचा वारा. दोघं भिडले की लाट आखूड आणि उभी होते, छोटी होडी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पाणी घेते. आता हे कधी जुळतं ते बघा. भरतीची वेळ काढायची जुनी रीत तिथीची पाऊणपट. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण, म्हणजे तीनला भरती पूर्ण. अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास. ही ढोबळ रीत आहे, बंदराबंदराला अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे; नेमकी वेळ कोष्टकातूनच घ्या. पण मुद्दा असा की उधाणाच्या दिवसांत भरती दुपारी बाराला संपते आणि ओहोटी एक ते सहा जोरात ओढते, नेमकी खारा जोरावर असतो तेव्हा. मार्च ते मे या महिन्यांत अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दुपारी तीनला मुखातून शिरायचं टाळा. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, दुपारी पाणी चढतं असतं आणि ओढही कमी, तेव्हा त्रास कमी.

दुसरं, बावटा, म्हणजे बंदरावर लावतात ती वादळाच्या इशाऱ्याची खूण. 'तीन नंबरचा बावटा लागला' ऐकून लोक एक-दोनपेक्षा मोठं संकट समजतात. आकडे तसे चढत्या भाजणीने वाचायचे नाहीत. एक म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झालाय. दोन म्हणजे दूर समुद्रात चक्रीवादळ आहे. दोन्हींत बंदराला तूर्त धोका नाही, बाहेर निघणाऱ्या बोटींना आहे. तीन म्हणजे बंदरावरच सोसाट्याचा वारा येणार. पावसाळ्यात आपल्याकडे हा नेहमीचा. चार म्हणजे वादळाचा रोख बंदराकडे असू शकतो. पाच ते सात धोका, आठ ते दहा मोठा धोका, अकरा म्हणजे संपर्कच तुटला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, म्हणून तीन नंबरचा खरा त्रास ऑगस्ट-सप्टेंबरात, नारळी पौर्णिमेनंतर बोटी निघतात तेव्हा.

मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुपारी एकला खारा लागायला हवा त्या वेळी आग्नेयेचा वारा एकसारखा वाहत असेल आणि समुद्राला लांबलचक डोल असेल, तर बाहेर काहीतरी आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, डावा हात बाजूला करा. कमी दाबाचं केंद्र साधारण त्या हाताकडे. वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेला सरकलं की वारा आग्नेयेवरून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला फिरतो. मे २०२१ च्या तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याबाहेरून वर जातं तेव्हा हा क्रम दिसतो. वारा फिरलाच नाही आणि नुसता वाढत गेला तर वादळ तुमच्याकडेच येतंय.

देशावरचा

घाटावरची भर. खारा वारा कोकणात संपत नाही. मार्च ते मे या महिन्यांत तो दऱ्यांतून घाट चढून संध्याकाळी पुण्यापर्यंत पोचतो; दिवसभर भट्टी आणि सातनंतर अचानक पश्चिमेची गार झुळूक येते ती हीच. इथे तिला खारा कुणी म्हणत नाही, कारण मीठ वाटेतच राहतं.

नैर्ऋत्येचा मोसमी वारा माथ्यावर काय जोराचा असतो ते बघायचं तर साताऱ्याजवळ वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघा. वर्षातली मोठी वीज जून ते सप्टेंबर याच काळातली.

आणि वळीव. कोकणात लोक कुठल्याही मेच्या पावसाला वळीव म्हणतात, पण त्याची खूण वारा आहे, पाऊस नंतर. दुपारी तीनपर्यंत घुसमट, वारा पूर्ण पडलेला, पूर्वेला किंवा आग्नेयेला फुलकोबीसारखे ढग. मग ढगातली पावसाने गार झालेली हवा खाली आपटते आणि जमिनीवर चहूकडे पसरते; धुळीचं वावधान आधी पोचतं, त्यापाठोपाठ टपोरे थेंब, कधी गारा. वारा दिशा बदलून एकदम गार झाला की पाऊस यायला पाच-दहा मिनिटंच. उघड्यावरचं धान्य आधी झाका, आकाश नंतर बघा. वावटळ ती वेगळी. निरभ्र आकाशात, भर उन्हात, बारा ते तीनच्या दरम्यान जमीन तापून उठलेला भोवरा. दोन-चार मिनिटांत संपतो, पाऊस आणत नाही.

कोकणात याचा धाकटा भाऊ सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये दिसतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी घाटावर ढग, संध्याकाळी पूर्वेकडून गडगडाट करत किनाऱ्याकडे. हळवं भात कापणीला आलेलं असतं ते नेमकं यात सापडतं. त्या दिवसांत कापणी सकाळी करून दुपारी दोनच्या आत पेंढ्या उचलायच्या. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप ठेवा.

बागायत_सिंधुदुर्ग

तिसरा प्रश्न राहिला. सुरू चालेल, वाळूत आणि खाऱ्या हवेत तो टिकतो. कातळावर मात्र खड्डा फोडून माती भरल्याशिवाय नाही. पण भिंत उभी करू नका. पूर्ण दाट अडसरावरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवऱ्यासारखा आपटतो, फांद्या तिथेच मोडतात. निम्मा वारा आरपार जाईल इतपत विरळ हवा, ४० ते ५० टक्के फट. चांगला आडोसा उंचीच्या दहापट अंतरापर्यंत मिळतो, थोडाफार वीसपटीपर्यंत. १० मीटरचा सुरू म्हणजे शंभर मीटर. तुमच्या साडेतीन एकराला पश्चिमेची एक दुहेरी रांग, झाडं एकाआड एक तिरकी लावून, पुरेल.

ओळ पश्चिम आणि नैर्ऋत्य या दोन बाजूंना वळवून घ्या, म्हणजे मोसमी झोत आणि दुपारचा खारा दोन्ही अडतील. उत्तर आणि पूर्व मोकळी ठेवा. रात्रीचा कोरडा मतलई बागेतून खेळायला हवा, तो अडवलात तर दव आणि भुरी तुम्हीच आमंत्रण देऊन आणाल. ओळीत मध्येच खिंडार ठेवू नका. रस्ता काढायचाच असेल तर तिरका काढा, सरळ फटीतून वारा नळीसारखा दुप्पट जोराने येतो. सुरू आणि कलमांची पहिली रांग यांत किमान १० मीटर सोडा, मुळं आणि सावली दोन्हींसाठी.

गलबत

जरा अवांतर. 'मोसमी' हा शब्दच अरबी 'मौसिम', म्हणजे ऋतू, यावरून आला. याच समुद्रावर फिरणारे अरब नाखवे नैर्ऋत्येच्या वाऱ्याला 'कौस' म्हणत आणि ईशान्येच्या वाऱ्याला 'अझ्याब'. गंमत म्हणजे आज इराणच्या आखातात 'कौस' म्हणजे आग्नेयेचा वारा. नाव तेच, बंदर बदललं की वारा दुसरा. आखातातल्या वायव्य वाऱ्याचं नाव 'शमाल', अरबीत उत्तर. म्हणून दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाशी बोलताना नाव झालं की दिशा आणि वेळही विचारून घ्या.

कातळावरचा

सुरूची जागा आखून घेतो. शेवटचं : बागेत वाऱ्याची दिशा बघायला फीत लावायची तर कसली आणि किती उंच?

हवाघडी

सुती नको, दवाने जड होऊन सकाळी लोंबत राहते आणि वारा असून पडल्यासारखा दिसतो. पातळ प्लास्टिकची किंवा जुन्या ध्वनिफितीची मीटरभर लांब पट्टी घ्या. बांबू कलमांच्या शेंड्याच्या दोन मीटर वर यायला हवा; शेंड्याच्या खाली लावलीत तर झाडाभोवती फिरलेला वारा दिसेल, खरा नाही. बांबूच्या बुंध्याशी चार दगड ठेवून उत्तर-दक्षिण खूण करून ठेवा. मोबाईलचं होकायंत्र चालेल, कोकणात चुंबकीय आणि खरी उत्तर यांत अंशाचाही फरक नाही. मात्र लोखंडी पंप किंवा गाडी शेजारी असताना खूण करू नका. आणि पट्टी दर दोन महिन्यांनी बदला, खाऱ्या वाऱ्याने मीठ बसून ती कडक होते.